शेळीच्या कपाळावरची राख

…नाही, पण मला एक सांगा, शेळीच्या अंगावरचे गोचीड काढायचे, ह्यात देवाधर्माचा संबंध येतोच कुठं? येतो का? गोचीड रक्त पितो, शेळी वाळते, दूध आटतं, एवढीच तर गोष्ट. त्याच्यावर करंजीचं तेल लावायचं, तो गुदमरतो आणि गळून पडतो. हे शास्त्र आहे, तुम्हाला सांगतो, साधं शास्त्र. पण आमच्या राणीसावरगावात कुठलीही साधी गोष्ट साधी राहू देतील तर शपथ…

थांबा, आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुठला गुराखी येऊन बसला. मी अण्णाराव. किराणा दुकानवाल्या मन्मथअप्पांचा एकुलता एक मुलगा. आता मन्मथअप्पा म्हणजे कसे, तर कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग, हातात तागडी आणि तोंडात एकच वाक्य, 'लोकं काय म्हणतील?' ह्या माणसानं मला हैदराबादेत कॉलेजात शिकवलं, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शिकलो सगळं उर्दूतून. जीवशास्त्रसुद्धा उर्दूतून. बेडूक चिरला तोही उर्दूतून, बिचाऱ्याला मरताना तरी कळलं असेल का कोण जाणे… तर शिकून परत आलो, आणि बघतो तो अप्पांनी माझं सगळं ठरवूनच ठेवलेलं. तहसिलात आमचे एक नातलग आहेत, त्यांच्या शब्दावर अहलकाराची जागा. अहलकार म्हणजे कारकून हो, सकाळी शेरवानी चढवायची, डोक्यावर टोपी दाबायची, आणि दिवसभर अर्ज घेऊन आलेल्या गरिबांना 'उद्या या' असं सांगत बसायचं. मी म्हटलं, अप्पा, मी शेळ्या पाळणार.

अप्पा गूळ तोलत होते. ढेप हातातच राहिली.

"काय पाळणार?"

"शेळ्या. दुधाच्या."

"आपून?"

"आपण."

"आरं, लिंगायताच्या दारात शेळी? म्हैस पाळ, गाय पाळ, कोण न्हाई म्हणायलंय? शेळ्या बांधल्यावर लोकांनला वाटंल, मन्मथअप्पा खाटकाचा माल सांभाळायलाय."

आता ह्यांना कसं सांगायचं? म्हैस घ्यायची ऐपत किती जणांची? आणि शेळीचं बघा, बांधावरचा पाला खाते, कुडाच्या सावलीला बसते, आणि गरिबाच्या पोराला वाटीभर दूध देते. आजारी पडली तर काय, हा प्रश्न आहेच. तालुक्याला सलोत्री आहे, सरकारी जनावरांचा डॉक्टर, पण तो साहेबलोकांच्या घोड्यांचा. मी एकदा गेलो बोलवायला, तर पान चघळत मला म्हणतो, "मियाँ, बकरी बीमार पडी तो काट के खा लेव, इलाज कायकू?" हे कुणाला, तर ज्याच्या घरात सोमवारी कांदासुद्धा चिरत नाहीत त्याला. त्याच दिवशी मी ठरवलं. औषध आपल्या बांधावरच उगवतंय. पोट फुगलं तर ओवा, जखम झाली तर हळद, जखमेत अळ्या पडल्या तर सीताफळाचा पाला. घरटी एक दुभती शेळी, आणि बांध हाच तिचा दवाखाना. हे शास्त्र आहे, तुम्हाला सांगतो, साधं शास्त्र.

घेतल्या चार शेळ्या. उस्मानाबादी, काळ्याभोर, कानांनी जमीन झाडणाऱ्या. अप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, तेवढं विचारलं, "पाटीभर लेंड्या कोण काढणार?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "मग बांध."

इथपर्यंत ठीक होतं हो. पुढं काय झालं, की शेळ्यांना जंत झाले. जंतावर कडुलिंब. शेळ्यांना पाला आवडतोही, मी रोज टोपलं भरून घालायचा, त्या मचमच खायच्या, मला वाटायचं, बघा, जनावराला कळतं आणि माणसाला कळत नाही… जंत गेले. पण जे पोटात जातं ते दुधात उतरतं, हे माझ्या लक्षात यायच्या आधी सोमवार आला. आणि सोमवारी आमच्याकडं सिद्धलिंग स्वामी येतात. आमच्या घराण्याचे जंगम, गुरूच म्हणा ना. त्यांची पाद्यपूजा, मग चहा. त्या दिवशी रतिबाचं म्हशीचं दूध नासलं. अव्वानं भोळ्या मनानं शेळीचं घातलं.

स्वामींनी एक घोट घेतला. डोळे मिटले. आम्हाला वाटलं, ध्यान लागलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडून अप्पांना म्हणतात कसे, "मन्मथा… माझ्या हातून काही अपराध घडलाय का बाबा?"

झालं. स्वामींची पाठ वळली आणि अप्पांनी तिथंच निकाल दिला. "बेस्तरवारी सटवाजी येईल." बेस्तरवार म्हणजे गुरुवार, आणि सटवाजी म्हणजे शेळ्या-बोकडांचा व्यापारी, गावोगावचा माल गोळा करून गंगाखेडच्या बाजारात खाटकांना देतो. "शेळ्या त्याच्यासंगं, आन् तू माझ्यासंगं. त्यांनला बाजार, तुला तहसील."

बघा बरं. शेळ्या सुरीखाली आणि मी शेरवानीत. एकाच दिवशी. मी म्हटलं, अण्णाराव, हटायचं नाही. तोवर शेळ्या अशा करून दाखवायच्या की अप्पांना दूध चाखूनच शब्द मागं घ्यावा लागेल. पाला बंद केला, दूध गोड झालं. पण वाढेना. का वाढेना? कारण गोचीड. कानात गोचीड, कपाळावर गोचीड, मांड्यांत गोचीड, एकेक टपोरा, ज्वारीच्या लाहीएवढा. मग मी तेल्याकडून करंजीचं तेल आणलं. तेल नुसतं लावलं तर ओघळून जातं, म्हणून वरून राख. चुलीतली, गोवऱ्यांची, फडक्यातून वस्त्रगाळ केलेली. तेलावर राख बसली की चिकटून राहते, गोचिडाला श्वास घेता येत नाही. हे शास्त्र आहे… जाऊ द्या, तुम्हाला पटलंय.

बुधवारी दिवेलागणीला बसलो. आधी तेल, मग राख. आणि इथं, तुम्हाला सांगतो, माझा घात कुणी केला असेल तर तो माझ्याच हातानं. आता मला सांगा, लिंगायताच्या घरात जन्मलेलं पोर, पाळण्यातून उतरल्यापासून रोज आंघोळ झाली की मधली तीन बोटं भस्मात आणि भस्म कपाळावर, डावीकडून उजवीकडं. कॉलेजात मी देव मानायचं सोडलं, पण हाताला ते कुणी कळवलंय? राख चिमटीत आली, समोर कपाळ आलं, हात आपोआप फिरला. मी मनात त्या वेळी घरटी शेळीचा हिशेब करत होतो, बोटांकडं बघतोय कोण? कपाळावर तीन, कानामागं तीन, दंडावर तीन, पाठीवर तीन. चारी शेळ्या उरकल्या, हात धुतले, जेवलो, झोपलो.

सकाळी मला जाग आली ती शेजारच्या मनकर्णाकाकूच्या आवाजानं. ही बाई विस्तव मागायला येते आणि बातमी घेऊन जाते. गोठ्याच्या तोंडाशी उभी, हात जोडलेले, अव्वाला हाका मारतेय.

"नीलम्मा, आगं लवकर ये. तुझ्या अण्णानं शेळ्यांनला दीक्षा देलीया."

मी धावत गेलो. आणि खरं सांगतो, माझेही हात जोडले जाता जाता राहिले. काळ्याभोर चार शेळ्या, ओळीनं बसलेल्या, रवंथ करताहेत, डोळे अर्धवट मिटलेले, आणि प्रत्येकीच्या कपाळावर पांढरेशुभ्र तीन पट्टे… मठात बसवल्या असत्या तर पहिल्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

"काकू, ते भस्म नाही. गोचिडाचं औषध आहे."

"व्हय बाबा, व्हय."

"अहो, राख आहे. चुलीतली."

"मी कवा न्हाई म्हणायलेय?" असं म्हणत ती मागं मागं सरकली आणि वळली ती थेट गल्लीत.

मग काय, मी तोंड धुवेपर्यंत अर्धं गाव आमच्या अंगणात. एक म्हणतोय, "हैदराबादेत शिकून आलाय, तिथं कायतरी साधना केली असंल." दुसरा म्हणतोय, "शेळीला दीक्षा? मग आता तिनं पाला तोंडात घ्यायच्या आधी पूजा कराया पायजे." आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत आला सटवाजी. हातात दोर. आला, पहिल्या शेळीचा कान धरून वर केला, आणि कान सोडून दिला. दोर खाकेत मारला.

"न्हाई जमायचं, अप्पा."

"का? काय झालं?"

"भस्म लागलंय. अंगावर भस्म असलेलं जितराब मी सुरीखाली देऊ? मला लेकरंबाळं हायेत."

आता इथं एखादा शहाणा माणूस काय करील? गप्प बसेल. हो की नाही? शेळ्या वाचताहेत, मी तहसिलातून वाचतोय, तोंड मिटून उभं राहायचं, बस्स. पण मी शिकलेला माणूस. खोट्या गोष्टीवर शेळी वाचवायची? उद्या गावाला शास्त्र कुठल्या तोंडानं सांगणार? मी ओट्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं, "ऐका सगळे. हे भस्म नाही. ही गोवरीची राख आहे, खाली करंजीचं तेल आहे, गोचिडांसाठी लावलंय. सटवाजी, तुम्ही खुशाल घेऊन जा."

म्हणजे बघा, माझ्याच शेळ्या मीच खाटकाकडं लोटतोय. तत्त्वासाठी. आणि सटवाजी काय म्हणाला असेल? माझ्या पाया पडला.

"अप्पा, पोरगं तुमचं मोठं हाय. एवढं करून वर लपवायलंय."

अप्पांचा चेहरा तांबडालाल. "काही लपवीत न्हाई त्यो. आणा पाणी. मी धुतो." अव्वानं तांब्या आणला. दिला नाही, नुसता आणला. आणि म्हणाली, "धुवा. पर आधी मला सांगा, भस्म कशाचं असतं?"

"कशाचं म्हंजे? शेणाचं. गोवऱ्या जाळून."

"आन् चुलीत काय जळतंय? चंदन?"

बारा वर्षांच्या शिक्षणात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, उर्दूतूनही नाही. अप्पांनी तांब्या घेतला, खाली वाकले. समोर शेळी. तिनं मान वर केली. शेळी आणि अप्पा अगदी समोरासमोर, दोघांच्या कपाळावर तेच तीन पट्टे, दोघांचे तेच विचारात पडलेले डोळे… अप्पांचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी तांब्यातलं पाणी शेळीपुढं ठेवलं. ती प्याली. अप्पा दुकानात निघून गेले.

सुटलो. शेळ्या सुटल्या, मी सुटलो, तहसिलातली जागा दुसऱ्या कुणाच्या भाच्याला गेली. गोचीडही सुटले, दोन दिवसांत पटापटा गळून पडले, आणि आठवड्याभरात दूध एवढं वाढलं की अव्वानं वेगळी चरवी काढली. करंजीनं, बरं का. मी आजही घसा फोडून सांगतो, करंजीनं. हे शास्त्र आहे, तुम्हाला सांगतो, साधं शास्त्र. पण ऐकतो कोण? दर सोमवारी सकाळपासून आमच्या दारात शेळ्यांची रांग. पोखर्णीहून काय, कुठून कुठून काय. अप्पांनी दुकानात करंजीचे डबे आणून ठेवलेत, आणि "लोकं काय म्हणतील" हे वाक्य हल्ली त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी प्रत्येकाला बसवून सांगतो, गोचीड नाकानं नाही, अंगानं श्वास घेतो, तेलानं तो कसा कोंडतो… सगळे मान हलवतात, आणि बोलणं संपलं की म्हणतात, "बरं मग, लावा आता."

मी हटणारा नाही. मी म्हटलं, ही अंधश्रद्धा मोडायची. एका सोमवारी मनकर्णाकाकूच्या शेळीला मुद्दाम अख्खा पंजा फासला. पट्टे नाहीत, काही नाही. तेल तेच, राख तीच. तिसऱ्या दिवशी काकू शेळी घेऊन हजर.

"अण्णा, गुण न्हाई आला."

"अहो काकू, एक तरी गोचीड दिसतोय का अंगावर?"

"गोचीड न्हाई रे, पर गुणबी न्हाई. शेळी खाईनाच. हिला बी कळालंय, आपल्यावर नुसतं फासलंय." आणि एवढं बोलून, तुम्हाला सांगतो, ती माझ्यासमोर मांडी घालून बसली, की आता लावल्याशिवाय उठणार नाही. काय करणार? मारले तीन पट्टे. शेळी उठली, समोरच्या पेंढीला तोंड लावलं. कसं लावलं, का लावलं, मला विचारू नका. मी तिच्याकडं बघतोय आणि काकू माझ्याकडं.

मी प्रयोग सोडलेला नाही. घरटी शेळी होईस्तोवर सोडणारही नाही. पण परवा परभणीकडचे एक शाळामास्तर आले, चष्मेवाले, विज्ञान शिकवणारे, मला वाटलं, आला, अखेर आपला माणूस आला. म्हणाले, "अण्णाराव, ह्या अंगारे-धुपाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मला औषधाचं नेमकं प्रमाण सांगा." मी सांगितलं. करंजीचं तेल एक भाग, वस्त्रगाळ राख दोन भाग, बोटं तीन.