दादाने लावलेलं कुलूप

सांगा, माझा दादा त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूमला का चिकटून राहिला? काम कंत्राटी, पगार उशिरा, मामाची होडी हात जोडून बोलवत होती. आईला विचारलं, मामाला विचारलं. कोणालाच ठाऊक न्हाय.

दादा वारल्यावर आठवड्याने तिथे त्याच्यासोबत काम करणाऱ्या बाईंचा फोन आला. "बाळा, कपाटाची चावी त्याच्याकडेच राहिली रे."

मी तडकलो. "मग तोडा की कुलूप!"

"त्याने लावलेलं हाय. डॉक्टर रोज ओरडतात, पण आमच्याने हातोडी उचलवत न्हाय."

चावी त्यांच्या तोंडावर फेकायला मुरुडच्या त्या दवाखान्यात गेलो. बाई आणि रेकॉर्ड रूममधले आणखी दोघं कपाटासमोर उभे. चावी कोणी घेईना. शेवटी मीच कुलूप उघडलं आणि एकेक फाईल त्यांच्या हातात दिली.