बोटभर आखूड

इमारतीच्या स्वागतकक्षात माझ्या शेजारी एक म्हातारा ओतारी आणि त्याची मुलगी आर्किटेक्टची वाट बघत बसले होते.

"बाबा, दर्शनी भिंतीवरचं आपलं ब्राँझचं शिल्प बोटभरच आखूड पडलंय. फटीत पट्टी बसवू."

"ठिगळ कपड्याला लावतात. पुन्हा ओतायचं."

"अख्खं?"

"अख्खं. ब्राँझ थंड होताना आकसतं, म्हणून मेणाचा नमुना थोडा मोठा करायचा. हे तुला नवीन आहे का?"

"नाही. तरी माप घेताना विसरले."

"बरं. आता रडू नकोस."

"साहेबांनी विचारलं, माप कुणी घेतलं, तर?"

"मी घेतलं."

"बाबा, तुम्हाला टेपवरचे आकडे तरी दिसतात का?"

"तेच सांगेन त्यांना. म्हणून यापुढे सगळी मापं माझी लेकच घेणार आहे."