पहिलं घमेलं

“घराच्या पायाला मुरूम लागला बघ, घट्ट जमीन. उद्या काँक्रीट ओतायचंय, तू ये,” बाबा फोनवर म्हणाले होते.

“खड्ड्यात काय बघायचं? घर झालं की येते,” म्हणत अंतरानं फोन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, काँक्रीट पडायच्या आधीच, बाबा वारले.

महिन्यानं, तो खड्डा बुजवायला सांगायचं ठरवून, ती गगनबावड्याच्या एसटीत बसली. गाडी स्टँडवरून हलेना. पुढच्या सीटवर एक म्हातारा आणि त्याची लेक वाद घालत होते.

“आप्पा, चार फूट खणलंय, पुरं की आता.”

“काळ्या मातीवर घर उभं करतीस व्हय? मुरूम लागंस्तवर खणायचं.”

“आन् कधी लागायचा त्यो?”

“लागंल की उद्या. परवा काँक्रीट. पहिलं घमेलं तुझ्या हातचं.”

“मला सुट्टी न्हाय. वास्तुशांतीला येतो की.”

“रंग दिल्यावर सगळं गाव येतंय, पवित्रा.”

“मी नसलो तर पाया खचतोय व्हय?”

“न्हाय खचत.”

“मग?”

“मग काय न्हाय. बस गप.”

गाडी सुरू झाली. खिडकीकडं तोंड करून बसलेली अंतरा मोठ्यानं बोलून गेली, तशी दोघंही वळून बघायला लागली.

“येते, बाबा. पहिलं घमेलं मीच टाकते.”