मित्राताईंचं लाकडाचं चार मजली घर

ताईंच्या शोकसभेला जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, भावांनो, बहिणींनो, जय भीम.

मला माईकवर बोलायची सवय न्हाई. पण आत्ताच एका पुढाऱ्यांनी सांगितलं, आपल्या संघमित्राताईंचं सिमेंटचं स्मारक बांधू. ते ऐकलं अन् मला बसवंना.

सिमेंटचं? ताईंचं?

मी सुमन. एसटी डेपोच्या मागं पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहते. ताईंनी ज्या कुटुंबांसाठी चार मजली घर आखलं, त्यातलं एक आमचं.

आमच्या मित्राताई हट्टा गावच्या. इंजिनिअर झाल्या, अन् लगेच किल्लारीकडं भूकंप झाला. ताई मदतीला गेल्या. दगडमातीच्या भिंतींखालून लेकरं काढताना त्यांनी पाहिलं, जड भिंतींनीच जीव घेतले. परत आल्या त्या एकच बोलत आल्या. घर हलकं पाहिजे, तरी मजबूत पाहिजे.

म्हणून लाकूड. जाड फळ्या आडव्या-उभ्या एकमेकींवर चिकटवायच्या, दाबायच्या, त्याचीच भिंत अन् त्याचीच जमीन करायची. झाडं शेताच्या बांधावर लावायची, तोडलं की पुन्हा लावायचं. सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर वाचंल, अन् उन्हाळ्यात घर भाजणार न्हाई, असं ताई समजावून सांगायच्या.

आमचे सासरेच आधी चिडले. म्हणाले, "पोरी, झोपडीतून निघायला आमी शिकलो. तू आमाला परत लाकडातच घालून राहिली?"

ताई त्यांच्यापाशी खाली बसल्या. म्हणाल्या, "मामा, झोपडी गरिबीची होती. लाकूड गरिबीचं न्हाई."

मग मामाच मला म्हणाले, घराच्या यादीत आपलं नाव दे.

आता परवानगी देणाऱ्यांचं ऐका. ते म्हणाले, लाकूड जळतं. ताईंनी त्यांना मैदानात बोलावलं. एक जाड लाकडी तुळई अन् शेजारी लोखंडी गर्डर. दोन्हींवर वाळूची पोती, दोन्हींखाली बराबर जाळ. लोखंड तापून वाकलं, पोती खाली आली. तुळई वरून काळी पडली, पण पोती जागची हलली न्हाईत. ताईंनी ती करवतीनं कापून दाखवली. आत लाकूड कोरंच्या कोरं.

साहेब म्हणाले, पाहिलं, पण नियमात बसत न्हाई. ताई म्हणाल्या, मग वर लिहा, नियम करा. साहेब जीपमध्ये बसले. अन् त्यांच्यातला एकजण हसून म्हणाला, "यांना पक्कं घर देतो म्हणलं, तर यांना लाकूडच पाहिजे."

मी तिथंच उभी होते. यांना म्हणजे कोणाला हो? आज सभेत सांगा ना.

नकार सरळ कोणीच दिला न्हाई. आज या, उद्या या. वर्षं गेली. शेवटी आमच्या चार मजल्यांसाठी ठरलेल्या जागेवर दुकानांचे गाळे उभे राहिले, सिमेंटचे. ज्यांनी ताईंना लाकूड जळतं म्हणून शिकवलं, त्यांच्या बंगल्यांना सागवानी दारं आहेत. ती काहून जळत न्हाईत?

ताईंनी मग हट्ट्यात स्वतःच्या जागेत दोन मजले बांधून दाखवले. भर मे महिन्यात त्यांची आई वरच्या मजल्यावर दुपारी निजते. जा, हात लावून बघा भिंतीला. आमचे मामा मात्र पत्र्याखालीच गेले. आखरीला मला विचारत होते, आपला मजला कोणता गं?

ताईंना काविळीनं नेलं, असं सगळे म्हणून राहिले. व्हय, काविळीनंच नेलं. पण दारोदार फिरवून त्यांना झिजवलं कोणी? दवाखान्यात मी उशाशी बसले होते. ताई म्हणाल्या, "सुमन, हट्ट्याचं घर बघायला लोकं आले तर दार उघडं ठेवायला सांग." त्यांना राग नव्हता. मला आहे. अन् तो मी घरी घेऊन जाणार न्हाई, इथंच तुमच्यापुढं ठेवते.

आता सगळे उभे राहा. जे हसले होते, त्यांनीही उभं राहा. दोन मिनिटं कोणी बोलायचं न्हाई. पण मान खाली घालायची न्हाई. ताईंच्या फोटोकडं, त्यांच्या डोळ्यांत बघून उभं राहायचं.

ताई, जय भीम.