कूलरजवळची चप्पल

तुमच्या घरचा कूलर करंट मारते का? नंदनवन वस्तीत आमच्या ताईकडचा मारते. म्हणून त्या कूलरजवळ रबरी चप्पलचा एक जोड कायम ठेवलेला असतो. पाणी भरायचं असलं की आधी चप्पल घालायची. पाहुण्यालेही हेच सांगतात, जसा काही घरचा कुळाचार आहे!

मागच्या उन्हाळ्यात मी गेलो, तर भाऊजी ड्रिल मशीननं कूलरच्या टाकीले छेद पाडून राहिले होते. जादा पाणी बाहेर जायले पाइप बसवायचा होता म्हणे. टाकीत पाणी, फरशीवर पाणी, अन् मशीनची वायर त्याच पाण्यात लोळत पडलेली. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

"भाऊजी, मरायचं आहे का?"

"काहून ओरडून राहिला गा? चप्पल घातली आहे नं मी!"

"अन् ताईनं?"

ताई दोन्ही हातांनी टाकी धरून ओल्या फरशीवर उभी होती. अनवाणी. आम्ही तिघंही तिच्या पायांकडे पाहत राहिलो. मले वाटलं, चला, समजलं एकदाचं.

आधी टाकी रिकामी करा, फरशी कोरडी करा, मिस्त्री बोलावून अर्थिंग करून घ्या, सारं घसा कोरडा होईपर्यंत सांगून आलो.

या उन्हाळ्यात भाऊजींचा फोन आला.

"तुझं म्हणणं पटलं गा मले. कूलरचा मामला पक्का करून टाकला."

"अर्थिंग केली?"

"नाही गा. तुझ्या बहिणीलेही चप्पल घेऊन देली."