पहिले चार शॉकअप

अम्ब्रोज : म्हणजे भंगारातले!

व्हर्ना : भंगारातले नाहीत, मामा. लेव्हीचं स्नोमशीन, ती बर्फावरची गाडी, बर्फ फुटून नदीत गेलं, त्याचे आहेत. त्याच्या बायकोनं दोन डबे बेरी घेतल्या आणि वर म्हणाली, घेऊन जा एकदाचे.

अम्ब्रोज : नवे मागवायचेस की.

व्हर्ना : नव्या चारांच्या पैशात अर्ध्या हिवाळ्याचं पेट्रोल येतं. आणि स्वस्तातले नवे उघडत नाहीत. एकदा तेल गळलं की फेका. हे उघडतात. रबरी रिंगा बदलल्या, तेल बदललं, आतल्या पातळ चकत्या हव्या तशा रचल्या, केले बंद.

अम्ब्रोज : आम्ही शॉकअपशिवाय जन्म काढला.

व्हर्ना : म्हणून तर कंबर धरून बसलात.

अम्ब्रोज : मीही एक उघडला होता बरं का. तू तेव्हा रांगत होतीस.

व्हर्ना : माहितीये. आत सीलची चरबी वितळवून घातलीत.

अम्ब्रोज : थंडीत गोठत नाही ती! डोकं लागतं त्याला.

व्हर्ना : गोठली नाही, गळली. आणि कुत्र्यांनी रातोरात रबरासकट सगळं फस्त केलं.

अम्ब्रोज : कुत्री तुझ्या बापाची होती. हावरट मेली. बरं, यात हवा कुठून भरलीस?

व्हर्ना : हवा नाही, नायट्रोजन. कॉट्झेब्यूच्या विमानतळावर विमानांच्या पायांत तोच भरतात. टपालाच्या विमानातून पाठवले, बरोबर सुकवलेले मासे. तिथल्या मेकॅनिकनं भरून दिले आणि चिठ्ठी लिहिली, ‘कोणी जोडलेत? थेंब गळत नाही.’

अम्ब्रोज : दाखव चिठ्ठी.

व्हर्ना : ती भिंतीवर लावलीये. तुमच्या डोक्यामागे.

अम्ब्रोज : हं. अक्षर घाण आहे. पण शनिवारी शर्यतीत त्या नोएलला बर्फ चारणार तू!

व्हर्ना : शर्यत मी माझ्या जुन्यांवरच करणार. जरा दार उघडून बाहेर बघा.

अम्ब्रोज : ते... ते माझं मशीन आहे! त्याला ठोकळ्यांवर कोणी चढवलं?

व्हर्ना : मी. तुमचं, माझं, लेव्हीचं, तिन्ही एकाच जातीची. स्प्रिंगा तुमच्या वजनाला लावल्यात, दोनशे दहा पौंडाला.

अम्ब्रोज : एकशे नव्वद!

व्हर्ना : दवाखान्यातल्या हेलनमावशीनं सांगितलंय.

अम्ब्रोज : त्या बाईच्या पोटात काही राहत नाही. आणि ऐक, मला नकोत हे. दोन वर्षं मी गावाबाहेर गेलो नाही. वाऱ्यानं केलेल्या त्या बर्फाच्या लाटा, एकेका लाटेला कंबरेत सुरी. म्हाताऱ्याला घालून काय उपयोग?

व्हर्ना : तुमचा पहिला सील कोणाला दिलात?

अम्ब्रोज : मिनी म्हातारीला. अख्खा. काळीजसुद्धा. अकरा वर्षांचा होतो, तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि तिनं माझ्यासमोर मिटक्या मारत खाल्लं. पहिलं आपलं नसतं.

व्हर्ना : आणि माझ्या आईनं शिवलेले पहिले हातमोजे?

अम्ब्रोज : तेही मिनीलाच. एक अंगठा उलटा होता.

व्हर्ना : हे माझे पहिले, मामा.

अम्ब्रोज : ती रीत मांसाची, शिवणाची. लोखंडाला नाही.

व्हर्ना : असं मिनी म्हणाली?

अम्ब्रोज : मिनीकडे मशीन होतं कुठे!

व्हर्ना : मग?

अम्ब्रोज : हरशील गं. अख्खा हिवाळा या शर्यतीसाठी बोटं सोलून घेतलीस.

व्हर्ना : हरेन. वाईट वाटतंय, नाही कशाला म्हणू? तुम्ही रडला होतात त्या दिवशी?

अम्ब्रोज : मिनीच्या घरामागे. पोटभर.

व्हर्ना : मग तो तेराचा पाना द्या इकडे.

(शनिवार दुपार. शर्यत जिथे संपते ते पुढचं गाव, बावीस मैलांवर.)

व्हर्ना : मामा? तुम्ही इथे? कोणी आणलं?

अम्ब्रोज : मीच मला आणलं. सातवी आलीस.

व्हर्ना : सहावी. एकाला बाद केला.

अम्ब्रोज : शेवटच्या उतारावर सशासारखी उडत होतीस. दात आहेत का जागेवर?

व्हर्ना : आहेत बहुतेक. पण ही सगळी माणसं माझ्याकडे का बघतायत?

अम्ब्रोज : रेडिओवर मी काहीतरी बोललो असेन.

व्हर्ना : गावागावांत बोलायच्या त्या रेडिओवर? घरोघरी लावलेला असतो तो!

अम्ब्रोज : त्यात माझा काय दोष? म्हटलं, अम्ब्रोज बोलतोय, नदीवरच्या सगळ्या लाटा ओलांडल्या. हे शॉकअप माझ्या भाचीनं जोडलेत. तिचे पहिले. आणि ते मला मिळालेत.

व्हर्ना : तुम्ही तर कधी कोणाचं कौतुक करत नाही.

अम्ब्रोज : कौतुक कुठे केलं? बातमी दिली. नोएल विचारत होता, पुढचे चार त्याला देशील का.

व्हर्ना : पुढचे चार माझे.

अम्ब्रोज : तेच सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी तिच्या मागून ये, पाठीमागून नीट बघायला मिळतील.

व्हर्ना : मामा, बावीस मैल आलात. कंबर कशी आहे?

अम्ब्रोज : कंबर?

व्हर्ना : हो. कंबर.

अम्ब्रोज : अगं, तिची आठवणच झाली नाही.