माशांच्या पायऱ्या

—हसा, हसा, मीही हसलो होतो. नऊ वर्षं या धरणाची दारं उघडतो-मिटतो, तुळजाराम लस्कर म्हटलं की कोल्लिडम नदीकाठचे कावळेसुद्धा ओळखतात — पण माशांसाठी जिना? तुम्ही मद्रासच्या मासेखात्यातले, पण राजवाड्याच्या गल्लीतले, आपल्याच मराठी घरातले, म्हणून तमिळ सोडून मराठीत सांगतो. काय तर सरकार म्हणे, नदीला भिंत आम्हीच घातली, आता उल्लम माशाला वर जायला पायऱ्या देतो! अहो, तो आडी महिन्याच्या, आपल्या आषाढ-श्रावणातल्या, नव्या पाण्याला समुद्रातून येतो, अंडी घालायला वर जातो. आमचं गाव दोन कोस वर, तिथे आजोबा टोपलीने उपसायचे म्हणे. आता भिंतीला डोकं आपटतो आणि खालच्या कोळ्यांच्या जाळ्यात जातो. त्याला काय पाय आहेत पायऱ्या चढायला?

तर तुमचा प्रश्न — एक तरी मासा चढला का? नाही चढला, तर पायऱ्या विटांनी बुजवायच्या. बुजवा की! लिहा, लस्कर म्हणतो, एकही नाही. गोऱ्या दोरैंनी, तुमच्या साहेबांनी, काठावर खुर्ची टाकून दुर्बिणीतून पाहिलं — गढूळ पाण्यात काय दिसणार, कपाळ? बघायचं तर वरच्या पायरीवर बांबूचा पिंजरा लावून बसावं लागतं, पहाटे, पाणी उतरताना—

कोणी लावला? मी कशाला— बरं, लावला. एकदा. थोरली लेक कनकलता सातव्या महिन्यात माहेरी आलेली, आणि डोहाळे काय, तर उल्लमच्या गाभोळीचं कोळंबु, चिंचेचं आंबट कालवण. माहेरी आलेल्या लेकीला मागेल ते घालायचं, तुमच्या घरी नाही ही रीत? कोळी मला मासा देत नाहीत, दारं मिटून खालचं पाणी मी तोडतो म्हणून. मग काय करणार? मिळाला. एवढा! पोटात गाभोळी नुसती भरलेली. तिने ताट चाटून पुसून खाल्लं. त्यानंतर दोन — सहा असतील. दरवर्षी आडीत. वर गेले असते तर वरच्यांनी खाल्लेच असते ना? वरचे म्हणजे आमच्याच गावचे, हो. माझा भाऊ एकोजी अजून तिथे गळ टाकून बसतो. मासा येतच नाही म्हणतो. म्हणू दे. मला लाज वाटते, पण ती त्याला सांगायची नाही.

काय लिहिताय? 'चढतात'? खोडा ते! चढतात लिहिलंत की उद्या पायऱ्यांवर पहारा बसेल. एकही नाही, बुजवा, असंच लिहा— नाही, थांबा. बुजवा, पण आडी संपल्यावर. महिनाभरानं काय बिघडतं सरकारचं? का म्हणजे? कनकलता आत निजलीय. दुसऱ्यांदा, सातवा लागलाय. हे कागदावर घालू नका. उठा आता, ऊन चढलं. उठा म्हणतो ना!